हरलेल्याची साक्ष : जॅझमधील ड्रमवादकांचे सामने

१/
११ मे १९३७, मंगळवारची रात्र. न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीतील सॅव्हॉय बॉलरूम या नृत्यगृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. तत्कालीन वृत्तांतांनुसार आत सुमारे ४,००० माणसे होती आणि आणखी सुमारे ५,००० जणांना दारातूनच परत जावे लागले. आतल्या दालनात शेजारी शेजारी दोन मंच होते. एकावर बेनी गुडमनचा वाद्यवृंद आणि त्याचा देखणा ड्रमवादक जीन क्रूपा. दुसऱ्यावर या घराचा मालकच म्हणावा असा चिक वेब, जो स्वतःच्या वाद्यवृंदाचा नायकही होता आणि ड्रमवादकही.

त्या रात्री कोण जिंकले, हे आज आपण ज्याच्या शब्दावर ठामपणे सांगू शकतो, तो माणूस त्या रात्री हरला होता. आजचा धागा त्या पराभवाविषयी आणि त्यानंतर जवळपास अर्धशतक चालत राहिलेल्या एका खेळकर वैराविषयी.

२/
दोन वादकांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांचे पाणी जोखायचे, ही प्रथा जॅझइतकीच जुनी आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी नाचाच्या कार्यक्रमाची जाहिरात करण्यासाठी बँड गाडीवर बसून गावभर वाजवीत फिरत. दोन गाड्या एखाद्या चौकात समोरासमोर आल्या की कुणी पळ काढू नये म्हणून त्यांची चाके एकमेकांना बांधून टाकीत आणि मग गर्दी ज्याच्या बाजूने ओरडेल तो जिंकला. पुढे हार्लेममध्ये, घरभाडे उभे करण्यासाठी होणाऱ्या घरगुती मैफलींत, जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ, फॅट्स वॉलर ही पियानोवादक मंडळी रात्र रात्र एकमेकांवर कुरघोडी करीत.

आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा फड ज्याने पाहिला आहे, त्याला हे वातावरण समजावून सांगावे लागणार नाही. प्रश्न टाकायचा, उत्तर द्यायचे, आणि उत्तरातच पुढचा प्रश्न पेरून ठेवायचा.

३/
मात्र ड्रमवादक या फडात तसा उशिरा उतरला. त्याचे वाद्यच नवे होते. बेस ड्रम एकाने, स्नेअर दुसऱ्याने आणि झांजा तिसऱ्याने वाजवायच्या, अशी लष्करी बँडची जुनी रीत. १९०९च्या सुमारास लुडविग बंधूंनी पायाने चालणारे बेस ड्रमचे चांगले पेडल बाजारात आणले आणि तीन माणसांचे काम बसल्या जागी एकाला करता येऊ लागले. १९२०च्या दशकात पायानेच वाजणाऱ्या जोडझांजा, म्हणजे हाय-हॅट, आल्या. असे तुकड्यातुकड्याने जमत गेलेले हे वाद्य; त्यावर वाजवणारा मागे बसून ताल धरणारा कामकरी मानला जाई. त्याने एकट्याने वाजवावे आणि लोकांनी नाच थांबवून ऐकावे, ही कल्पनाच १९३०च्या दशकापर्यंत विरळ होती.

४/
ती कल्पना जिथे रुजली ती जागा म्हणजे सॅव्हॉय. लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर १४०व्या आणि १४१व्या रस्त्यांच्या दरम्यान, मार्च १९२६मध्ये सुरू झालेले हे नृत्यगृह एका बाबतीत फार वेगळे होते. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकाच लाकडी जमिनीवर नाचावे, असे उंबरठे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सॅव्हॉय त्यांतले सर्वांत नामांकित.

दोन मंचांमागे साधी व्यावहारिक सोय होती. एक बँड दमला की दुसरा सुरू होई, त्यामुळे संगीत कधी थांबत नसे. पण शेजारी शेजारी दोन बँड आणि मधे हजारो नर्तक म्हटल्यावर सामना आपोआप जुंपणारच. लिंडी हॉप नाचणारे येथील पट्टीचे नर्तक हे खरे परीक्षक होते. त्यांचे पाय ज्या बँडपुढे थबकले, त्या बँडचे त्या रात्रीपुरते संपले. क्रूपा-वेब सामना समजून घेताना हे विसरू नये: निकाल हातांवर जेवढा अवलंबून होता, तेवढाच इतरांच्या पायांवर.

५/
चिक वेब मूळचा बाल्टिमोरचा. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झाला, पाठीला कायमचा बाक आला, उंची चार फुटांच्या आसपास थबकली आणि दुखणे जन्माचे सोबती झाले. त्याच्या पायांना पोहोचतील अशी पेडले खास बनवून घ्यावी लागली. बेस ड्रम मात्र २८ इंच व्यासाचा, म्हणजे मागे बसलेला वेब समोरून कित्येकदा दिसतही नसेल.

त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते. बँडच्या साऱ्या रचना तो ऐकून पाठ करी आणि मंचाच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर बसून, ड्रमच्या इशाऱ्यांनी अख्खा वाद्यवृंद हाकी. ट्रम्पेटांनी कधी उसळायचे, सॅक्सोफोनांनी कधी दबायचे, हे सांगणारी काठी त्याच्या हातात शब्दशः होतीच. १९३५मध्ये त्याच्या बँडमध्ये एक किशोरवयीन गायिका आली. तिचे नाव एला फिट्झजेराल्ड.

६/
जीन क्रूपा शिकागोचा, पोलिश वंशाच्या कुटुंबातला, जन्म जानेवारी १९०९चा. शहराच्या दक्षिण भागातील काळ्या वस्तीतल्या नाचघरांत बसून त्याने बेबी डॉड्स, झुटी सिंगलटन या न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या ड्रमवादकांचे वादन आत्मसात केले होते आणि हे ऋण तो आयुष्यभर उघडपणे सांगत राहिला.

दिसायला तो चित्रपटातल्या नायकासारखा. वाजवताना केस कपाळावर, तोंडात च्युइंगगम, घामाने निथळणारा चेहरा. टीकाकार नाक मुरडीत, पण ड्रमवादकाला मागच्या रांगेतून उचलून प्रकाशझोतात बसवले ते त्यानेच. स्लिंगरलँड कंपनीच्या ड्रमचा तो चेहरा झाला. टॉम-टॉमच्या दोन्ही बाजू ताणून स्वरात लावता याव्यात, ही आज सर्वमान्य असलेली सुधारणा त्याच्या आग्रहातून पुढे आली. झांजा बनवणाऱ्या झिल्जियन घराण्याशीही त्याचा असाच व्यवहार होता.

१९४१च्या ‘बॉल ऑफ फायर’ या चित्रपटात तो काड्यापेटीवर दोन काड्यांनी एक अख्खा तुकडा वाजवतो आणि शेवटी त्याच काड्या पेटवतो. चमत्कृती हवीच, पण ती लयीत हवी, हे त्याला नेमके कळत होते.

७/
आता सामन्याच्या पोटातली गोष्ट. १९३५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात गुडमनचा बँड एका रात्रीत देशव्यापी झाला आणि वर्तमानपत्रे त्याला ‘स्विंगचा राजा’ म्हणू लागली. पण राजाच्या खजिन्यातली बरीच नाणी हार्लेमच्या टांकसाळीतली होती. फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराने त्याच्यासाठी रचना बांधल्या. ‘स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय’ ही गुडमनने घरोघरी पोहोचवलेली धून वेबच्या बँडमधील एडगर सॅम्पसनची. वेबने ती १९३४मध्येच ध्वनिमुद्रित केली होती. गुडमनचे नाव पुढे तिच्या श्रेयनामावलीतही शिरले.

म्हणजे ११ मे १९३७ रोजी गुडमन सॅव्हॉयमध्ये आला तो ज्या नृत्यगृहाच्या नावाचे गाणे त्याने गाजवले होते, त्याच घरात, त्या गाण्याच्या पहिल्या बँडसमोर. हार्लेमला हा हिशेब पक्का ठाऊक होता. ती गर्दी केवळ करमणुकीसाठी लोटली नव्हती.

८/
प्रत्यक्ष सामन्याबद्दल जे वृत्तांत उरले आहेत, त्यांचा सूर एकच आहे. गुडमनचा बँड उत्तम वाजला. मग वेबने उत्तर दिले आणि दालनाचा कल फिरला. वेबचा घरचा मंच, घरचे नर्तक, हे खरेच. पण केवळ घरच्या टाळ्यांनी जिंकला असता तर क्रूपा तसे म्हणाला असता. तो तसे म्हणाला नाही. वेबचे एकल वादन संपल्यावर तो जागेवरून उठला आणि त्याने वाकून नमस्कार केला, असे सांगितले जाते.

नंतरच्या वर्षांत, स्वतः जगातला सर्वांत प्रसिद्ध ड्रमवादक असताना, मुलाखतींतून तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला की त्या रात्री वेबने आपली पार दाणादाण उडवली आणि याहून थोर माणसाकडून आपण कधी हरलो नाही.

९/
ही साक्ष इतकी महत्त्वाची का, तर त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

आणि वेबचे जे मुद्रण आहे, तेही अपुरे. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. ड्रमला तर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत फार काळ सवतीची वागणूक मिळाली. बेस ड्रमच्या ठोक्याने खोदणारी सुई उडेल, या धास्तीने तो बाहेरच ठेवीत. डिसेंबर १९२७मध्ये शिकागोच्या मंडळींबरोबर मुद्रण करताना क्रूपाने पूर्ण ड्रमसंच आत नेला, त्याची म्हणूनच इतिहासात नोंद होते. पुढे यंत्रे सुधारली, तरी एखाद-दुसऱ्या मायक्रोफोनपुढे बसलेल्या बँडमध्ये ड्रम सर्वांत मागे आणि सर्वांत अंधूक.

याउलट, त्या सामन्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९३७मध्ये, गुडमनच्या बँडने ‘सिंग, सिंग, सिंग’ मुद्रित केले. त्यासाठी बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू मिळाल्या, आठ मिनिटांहून अधिक अवकाश, आणि त्यातून क्रूपाचे टॉम-टॉम जगभर घुमले. जिंकलेल्याच्या वाट्याला तीन मिनिटांतले काही सेकंद, हरलेल्याच्या वाट्याला आठ मिनिटे. अमेरिकेत त्या काळी कुणाच्या कलेला किती तबकडी मिळे, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

१०/
असेच दुसऱ्यांदा घडले, आणि या वेळी एकाच रात्री. १६ जानेवारी १९३८ रोजी गुडमनने कार्नेगी हॉलमध्ये ती प्रसिद्ध मैफल केली, ज्यात जॅझ पहिल्यांदा त्या भारदस्त सभागृहात एवढ्या थाटाने गेला. आरंभीची रचना ‘डोन्ट बी दॅट वे’. तीही सॅम्पसनचीच, आणि तीही वेबच्या बँडने १९३४मध्ये वाजवून ठेवलेली!

मैफल आटोपून कित्येक वादक आणि रसिक धावत हार्लेमला गेले, कारण सॅव्हॉयमध्ये त्याच रात्री दुसरा फड होता: चिक वेब विरुद्ध काउंट बेसी. वेबकडे एला फिट्झजेराल्ड, बेसीकडे बिली हॉलिडे. आणि ड्रमवर वेबसमोर होता जो जोन्स, ज्याने बेस ड्रमवरचा जड ठेका उचलून हाय-हॅटवर ठेवला आणि जॅझची चाल हलकी केली. वेब गडगडाट, तर जोन्स ओठांच्या कोपऱ्यातले हसू. ड्रमवादनाच्या दोन युगांची ती गाठ होती.

निकाल? ‘मेट्रोनोम’ने वेबला विजयी ठरवले, ‘डाउन बीट’ने बेसीला. आपण तपासू शकत नाही. कार्नेगी हॉलमध्ये टांगलेल्या एका मायक्रोफोनमुळे तिथली मैफल तबकड्यांवर उतरली आणि १९५०मध्ये प्रकाशित होऊन अजून विकली जाते. सॅव्हॉयमध्ये कुणी मायक्रोफोन टांगला नव्हता.

११/
१९३८मध्ये एलाच्या ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ने वेबच्या बँडला अखेर देशभर नाव मिळवून दिले. पण शरीर थकत चालले होते. १६ जून १९३९ रोजी, बाल्टिमोरमध्ये, वयाची पस्तिशीही न गाठता वेब गेला. बँड पुढे काही काळ एलाच्या नावाने चालला.

१२/
क्रूपा मार्च १९३८मध्येच गुडमनला सोडून स्वतंत्र झाला होता. १९४१मध्ये त्याने रॉय एल्ड्रिज या काळ्या ट्रम्पेटवादकाला आपल्या गोऱ्या बँडमध्ये मानाच्या जागी बसवले. दक्षिणेतच काय, उत्तरेतही अनेक हॉटेलांत एल्ड्रिजला खोली मिळत नसे, तेव्हाची ही गोष्ट. वेबपुढे वाकलेली मान केवळ मंचावरचा शिष्टाचार नव्हती, असे मी म्हणतो ते या कारणाने. अर्थात पैसा, चित्रपट आणि मुखपृष्ठे क्रूपालाच मिळाली, वेबला नाही, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे.

१३/
मग आला बडी रिच. ब्रुकलिनमध्ये १९१७ साली जन्मलेला हा मुलगा नाटक-तमाशाच्या कुटुंबातला. आईवडील रंगमंचावर विनोदी खेळ करीत आणि पोर दुधाचे दात पडण्याआधीच ‘ट्रॅप्स, द ड्रम वंडर’ या नावाने प्रेक्षकांपुढे ड्रम वाजवू लागले. शिकवणी नाही, सराव करीत नाही अशी त्याचीच फुशारकी. तरुणपणी त्याने सॅव्हॉयमध्ये वेबला ऐकले आणि वेबला तो आपल्या आदर्शांत मोजीत असे.

तोंडाने फटकळ, डोक्याने तापट. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना फ्रँक सिनात्राशी त्याची मारामारी झाली; नंतर रिचने स्वतःचा बँड काढला तेव्हा भांडवल पुरवणारा सिनात्राच होता. उतारवयात आपल्या बँडमधल्या पोरांना बसमध्ये शिव्या देतानाची त्याची चोरून केलेली मुद्रणे संगीतकारांमध्ये आजही हातोहात फिरतात. अशा या माणसाने क्रूपाविषयी मात्र कायम आदराचाच सूर लावला: हा नसता, तर ड्रमवादकाकडे कुणी पाहिलेच नसते.

१४/
या दोघांना समोरासमोर बसवले नॉर्मन ग्रँट्झने. ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’ या नावाने तो बड्या वादकांचा ताफा घेऊन देशभर फिरे. काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणार असाल तर कार्यक्रम नाही, ही अट तो करारातच घाली, आणि त्यासाठी पदरचे पैसे गमावायची त्याची तयारी असे. दुसरीकडे, प्रेक्षकांना सामना आवडतो हे त्याने पुरते ओळखले होते. समीक्षक त्याच्या मैफलींना सर्कस म्हणत. तिकिटे मात्र संपत.

१३ सप्टेंबर १९५२, कार्नेगी हॉल. आधी क्रूपा आपल्या त्रयीसह वाजवतो, मग रिच येतो आणि दोघांची ‘ड्रम बॅटल’ होते. या वेळी ध्वनिमुद्रण चालू आहे. क्रूपा ४३ वर्षांचा, रिच ३४चा.

१५/
स्पष्ट सांगायचे तर संगीत म्हणून हा तुकडा मला फारसा भावत नाही. केवळ ड्रमची लढत पाच मिनिटांपलीकडे गेली की कान बधिर होतात, आणि टाळ्यांसाठी टाकलेल्या जागा टाळ्यांपेक्षा मोठ्या ऐकू येतात. पण माणसे म्हणून ऐकले तर त्यात बरेच काही आहे. रिचच्या हातांचा वेग क्रूपाकडे नाही, कधीच नव्हता. ऐकणाऱ्याला कळते, रिचला कळते, क्रूपाला तर सर्वांत आधी. रिच पावसासारखा कोसळतो. क्रूपा तेवढ्याच जागेत कमी ठोके, पण पाय थिरकावेत असे ठोके, टाकत राहतो.

आणि हे एका रात्रीपुरते नव्हते. दौऱ्यावर हा सामना वारंवार होई. आपल्याहून वेगवान माणसासमोर, हजारोंच्या साक्षीने, ठरवून, रोज रोज बसायचे, आणि हसत बसायचे, याला काय लागत असेल? सॅव्हॉयमधल्या त्या रात्रीनंतर क्रूपाला पराभवाची भीती उरली नव्हती, असे मला वाटते. पुढे १९५५ आणि १९६२मध्ये दोघांनी स्टुडिओतही एकत्र तबकड्या केल्या, आणि १९६६मध्ये सॅमी डेव्हिस ज्युनियरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पुन्हा समोरासमोर आले. त्या चित्रफितीत दोघांच्या चेहऱ्यांवर जे दिसते, त्याला वैर म्हणता येत नाही.

१६/
सामन्याचे सर्वांत विचारपूर्वक मुद्रण १९५९चे: ‘रिच व्हर्सेस रोच’. मॅक्स रोच हा बीबॉप पिढीचा ड्रमवादक, ड्रमवर धून ऐकू यावी असे वाजवणारा. येथे दोघे आपापली पंचके घेऊन आले. जीजी ग्राइसने रचना बांधल्या, आणि स्टिरिओ तंत्र नुकतेच घराघरांत येत असल्याने एक बँड डाव्या कर्ण्यात, दुसरा उजव्यात ठेवला. सॅव्हॉयचे दोन मंच जणू दिवाणखान्यात आले.

यात चार-चार बारांची देवघेव आहे. चार मात्रांचे चार बार, म्हणजे सोळा मात्रा. आपल्या तीनतालाच्या एका आवर्तनाएवढा अवकाश. तेवढ्यात बोलायचे आणि समेवर दुसऱ्याच्या हाती सोपवायचे. रिच त्या सोळा मात्रा शिगोशीग भरतो. रोच त्यांतल्या काही मोकळ्या सोडतो, आणि त्या मोकळ्या जागाही मोजलेल्या असतात. कोण जिंकला, हा वाद अजून चालतो. मी रोचच्या बाजूचा. पण रिच समोर नसता तर रोचची शांतता एवढी उठून दिसली नसती, हेही मान्य करतो.

१७/
याच काळात ड्रम कंपन्यांनीही फड मांडले. २५ एप्रिल १९६० रोजी ग्रेच कंपनीच्या नावाने न्यू यॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये आर्ट ब्लेकी, फिली जो जोन्स, एल्विन जोन्स आणि चार्ली पर्सिप असे चार ड्रमवादक एका रात्री वाजले. ड्रम विकायचे होते, हे उघड आहे. पण विक्रीच्या निमित्ताने का होईना, या चौघांना एकत्र ऐकायची सोय झाली.

जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे ऋण फेडायची या मंडळींची रीतही निराळी. मॅक्स रोच आपल्या एकल कार्यक्रमांत ‘मिस्टर हाय-हॅट’ नावाचा तुकडा वाजवी. सारा ड्रमसंच बाजूला ठेवून फक्त एका स्टँडवरच्या दोन झांजा. ती जो जोन्सला, म्हणजे १९३८च्या त्या रात्री वेबसमोर बसलेल्या माणसाला, दिलेली मानवंदना होती. १९७०मध्ये रोचने ‘एम्बूम’ हा केवळ तालवाद्यांचा समूह उभा केला. तिथे सामना उरलाच नाही, नुसते सहवादन.

१८/
या कथेची एक वाट मुंबईपर्यंत येते. १९६८मध्ये ‘रिच आ ला रखा’ ही तबकडी निघाली: बडी रिच आणि उस्ताद अल्लारखाँ. पंजाब घराण्याचे हे तबलानवाज मुंबईत स्थायिक झालेले, ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीतही दिले होते. तबकडीत पंडित रविशंकरांचाही हातभार होता. एका तुकड्याच्या नावातच दादरा आहे.

आपल्याकडच्या श्रोत्याला वाटेल, आता रिचची खरी कसोटी. प्रत्यक्षात तो येथे कमालीचा सांभाळून वाजवतो. तबल्याच्या बोलांत जो बारकावा आहे तो काठीने येत नाही, हे त्याने ओळखले असावे. आवाज खाली, कान समोर. ज्याला आयुष्यभर सगळ्यांना मागे टाकायचे होते, त्याचे हे वादन त्याच्या प्रसिद्ध विजयांपेक्षा मला अधिक आवडते. तबकडी फार चालली नाही.

१९/
क्रूपाचे हृदय आणि फुप्फुसे साठच्या दशकात साथ देईनाशी झाली, तरी तो अधूनमधून मंचावर येत राहिला. ऑगस्ट १९७३मध्ये गुडमनच्या जुन्या चौकडीबरोबर तो शेवटचा वाजला आणि १६ ऑक्टोबरला गेला. वय ६४.

रिच लढत राहिला. जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात, जिथे यजमान स्वतः हौशी ड्रमवादक होता, १९७८मध्ये तिथल्या वाद्यवृंदाच्या एड शॉनेसीशी त्याची झुंज झाली. आणि १९८१मध्ये ‘द मपेट शो’मध्ये समोर बसला अ‍ॅनिमल, लाल केसांचा, साखळीने बांधलेला बाहुला. रिच जिंकतो. हरलेला अ‍ॅनिमल एक स्नेअर ड्रम उचलतो आणि त्याच्या डोक्यात घालतो. जगातल्या सर्वांत गर्विष्ठ ड्रमवादकाने यासाठी आनंदाने डोके पुढे केले, हे पाहून मौज वाटते. बाहुल्याच्या वतीने पडद्याआड वाजवणारा होता रॉनी व्हेरेल, इंग्लंडमधल्या टेड हीथच्या बँडचा जुना, कसलेला ड्रमवादक. कोट्यवधी लोकांनी ती झुंज पाहिली आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचे नाव माहीत नाही.

२ एप्रिल १९८७ रोजी रिच गेला. सॅव्हॉय तर १९५८मध्येच बंद झाले आणि त्यानंतर पाडले गेले होते. त्या जागी आता निवासी इमारती आहेत.

२०/
ऐकायचे असेल तर १९५२च्या ‘ड्रम बॅटल’पासून सुरुवात करू नका. आधी कार्नेगी हॉल १९३८मधले ‘सिंग, सिंग, सिंग’ ऐका, म्हणजे क्रूपाने काय पणाला लावले होते ते कळेल. मग ‘रिच व्हर्सेस रोच’, तेही हेडफोन लावून, डावा-उजवा कान वेगळा ठेवून. त्यानंतर वेबकडे या: १९३८चे ‘लायझा’, आणि त्याआधीचे, सॅव्हॉयच्या सामन्याच्याच वर्षी, १९३७मध्ये मुद्रित केलेले ‘हार्लेम काँगो’. वेबचे एकल वादन त्यात अखेरीकडे येते. काही सेकंदांचेच आहे आणि ड्रम लांबून ऐकू येतो, म्हणून आवाज आधीच थोडा वाढवून ठेवा.